सूचना क्रमांक एक

मखमलाबाद, नाशिक
१२ ऑक्टोबर २००९

तीर्थरूप बहिरूदादांना धाकट्या सुलाचा साष्टांग नमस्कार.

ओझरला सगळे बरे ना? तुमचे गुडघे काय म्हणतात? इकडे झेंडू सोडला तर सगळ्यांची तब्येत ठीक आहे.

सरकार हवामान बदलाचं धोरण करतंय आणि त्यात सामान्य नागरिकांनाही विचारायचं ठरलंय. त्यासाठी घेतलेल्या सभेला आमच्या गावातून सामान्य म्हणून माझं नाव गेलं. (ह्यांचं म्हणणं, मी कुठल्या बाजूने सामान्य आहे ते सरकारनेच दाखवावं.) मी आठ दिवस पाठांतर केलं. सांगायचं एवढंच होतं, की दसऱ्याच्या तोंडावर पाऊस येतो आणि तोडणीला आलेला झेंडू झाडावरच सडतो. आमच्या तालुक्याचा अंदाज चार दिवस आधी कळवा, असं धोरणात लिहा. तीन वर्षांत दोन दसरे गेले दादा, जीव तुटतो.

त्याच सभेसाठी चाळीस हारांची ऑर्डरही मलाच मिळाली. म्हटलं, सोन्याहून पिवळं! पण हार चाळीस म्हणजे गळेही चाळीस, हे काही डोक्यात आलं नाही. प्रत्येकाचं नाव, हार, फोटो. (मंडपवाल्यालाही हार झाला.) अकराला सुरू झालेले सत्कार दीडला संपले आणि जेवण थंड होईल म्हणून नागरिकांना एकेक मिनिट मिळालं. पेठच्या नवसाबाई भातशेतीचं सांगायला पहाटेची एसटी धरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमी काय निसत्या टाळ्या वाजवाया आलो का?" माझं डोकंच फिरलं. माईक हातात आला आणि पाठ केलेलं सगळं उडालं. म्हटलं, "साहेब, आधी हे हारतुरे बंद करा, मग हवामानाचं बघा!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! साहेबांनी तिथल्या तिथे मसुद्यात लिहून घेतलं. सूचना क्रमांक एक, सरकारी कार्यक्रमांत हार बंद. झेंडूवरचा पाऊस राहिला तो राहिलाच. माझ्याही सत्काराचं निघालं, पण हार उरला नव्हता, म्हणून कडुलिंबाचं रोप दिलं. घरी कळल्यावर हे "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" एवढंच म्हणाले आणि रोपाला पाणी घालून आले.

वहिनींना नमस्कार, पोरांचे माझ्यातर्फे गालगुच्चे घ्या.

तुमची
सुला

ता. क. तुमच्या कारखान्यातल्या निरोपसमारंभांचे हार माझ्याकडूनच घ्या. ते कार्यक्रम सरकारी धरायचे का, हे कुणाला विचारत बसू नका.

आणखी ता. क. मसुद्यावर महिनाअखेरपर्यंत हरकती घेतात. सूचना क्रमांक एकवर पहिली हरकत ह्यांच्या नावाने मीच टाकली आहे. दुसरी तुमची हवी. वहिनींच्या अक्षरात लिहा, माझं अक्षर तिथला कारकून ओळखतो. आणि त्यात झेंडूच्या पावसाचं तेवढं घालाच. तो कारकून सांगत होता, सूचना फायलीत जातात, हरकत मात्र साहेबांना स्वतः वाचावी लागते.