टिटवीचे पाय

४ मार्च, मंगळवार

ऊस गेला एकदाचा! तोडीवाले शेवटची खेप भरून भवानीनगरच्या कारखान्याला गेले. वावर कसं उघडं पडलंय — नुसतं वाळलेलं पाचट, गुडघाभर. करमेना म्हणून बांधावरून फिरलो, तर ढेकळांत टिटवीची चार अंडी! मातीच्याच रंगाची. पाय पडता पडता राहिला. वर ती जिवाच्या आकांतानं ओरडतेय.

शाळेत पाखरांच्या कविता चालीवर म्हणायचो आम्ही. आता शब्द गळालेत, चाल तेवढी उरलीय.

८ मार्च, शनिवार

शाळेतल्या बाई शनिवारी मला गोष्टीला बोलावतात. "आबा, आज पर्यावरणावर सांगा." एक पोरगं लगेच — "पर्यावरण म्हंजी परीक्षेला येतंय ते व्हय?" बाईसुद्धा हसल्या.

मी टिटवीचीच सांगितली. आभाळ पडेल म्हणून ती पाय वर करून झोपते. चार अंड्यांसाठी आख्खं आभाळ तोलून धरते. आपल्याकडची जुनीच समजूत. वर्ग चिडीचूप! आमची नात श्रेया, तिसरीतली, पहिल्या रांगेत तोंड उघडं टाकून ऐकत होती.

घरी येताना तिला अंडी दाखवली. लांबूनच.

९ मार्च, रविवार



माझा मुलगा ज्ञानेश, श्रेयाचा बाप, पाचट पेटवायला निघाला. दर साली पेटवतो, सगळेच पेटवतात. म्हटलं, "अरे, बांधाला अंडी आहेत. पाचट कुजू दे, खत होईल." तर म्हणाला, "आबा, तुमच्या गोष्टीवर खोडव्याचा ऊस फुटत न्हाय."

मागोमाग गेलो. तो वाऱ्याचा अंदाज घेऊन वाकला, काडी ओढणार — आणि मला पाचटात दोन पाय दिसले. उभे. आभाळाकडे! एका पायात चप्पल, दुसरा उघडा.

श्रेया. पाठीवर पडलेली, पाचटाच्या मधोमध.

मी काहीतरी ओरडलो असेन, कारण ज्ञानेश वळला. मग तोच धावला. उचललं, धपाटा घातला, आणि छातीशी धरलं ते सोडीचना. ती आपली म्हणतेय, "पप्पा, सोडा की! टिटवी एकटी कुठवर धरंल?"

घरी आल्यावर ज्ञानेश मला एवढंच म्हणाला — "आजपासनं तिला गोष्ट सांगायची न्हाय. एक पण न्हाय. खोटंनाटं भरवताय आन् पोरगी जीव द्यायला निघती."

माझी बायको द्वारकाही माझ्या बाजूनं बोलली नाही. आजीच ती — कशी बोलेल!

१० मार्च

पाचट पेटलं नाही. शाळेत निरोप धाडला — तब्येत बरी नाही.

१६ मार्च, रविवार

ज्ञानेशनं पाचट सरींत दाबून घेतलं. बांधालगतच्या दोन सऱ्या मात्र सोडल्या.

श्रेया रोज शाळेतून आली की लांब उभी राहून टिटवी बघते. मला सांगायला धावत येते, आणि दारातच थबकते. "पप्पा रागवत्याल." मग दोघं एकमेकांकडे बघत बसतो. गोष्ट नाही, तर आजा-नातीनं बोलायचं तरी काय?

२३ मार्च, सकाळ

अंडी नाहीत. टरफलं, ओला बलक — मुंगसाचं काम. टिटवी नुसत्या घिरट्या घालतेय. ज्ञानेश शेजारी येऊन उभा राहिला. पायानं टरफलांवर माती लोटली.

पोरीला काय सांगायचं? आणि मी तर सांगायचंच नाही.

२३ मार्च, संध्याकाळ

श्रेया अंगणात बापापुढं उभी. "पप्पा, अंडी कुठं गेली?"

ज्ञानेशनं तांब्या खाली ठेवला. खाकरला. "पिल्लं निघाली की! म्या बघितली सकाळी. चारी. आईच्या मागनं तुरुतुरु पळाली."

"कुठं?"

तो अडखळला. मग माझ्याकडं बघत म्हणाला, "फुडलं आबा सांगत्याल."