बाबांचं गोठ्यातलं स्तोत्र

२ मार्च, सोमवार

पॉलीनं पुन्हा पान्हा चोरला! बाकीच्या गायींनी निमूट दूध दिलं आणि ही बया कास आखडून उभी. एका लाथेसरशी धारेचं यंत्र थेट भिंतीपाशी. बाबांना कॉर्क शहरातल्या हॉस्पिटलात नेल्यापासून रोज हेच. गोंजारलं, दामटलं, रेडिओ लावला — ढिम्म!

३ मार्च

फोनवर बाबा हसत सुटले. "रेडिओ कसला लावतेस? गावं लागतं तिला. ते आपलं जुनं स्तोत्र. आणि आयरिशमध्येच म्हण — इंग्रजी कळत नाही तिला."

हृदयाची झडप बदलायची आहे आणि माणसाला विनोद सुचतायत!

स्तोत्र मला येतं. न यायला काय झालं! चर्चमध्ये कितीतरी वर्षं मीच म्हणते. पण बाबा? रविवारी मागे दाराशी, बाकीच्या पुरुषांबरोबर उभे, तोंडाला कुलूप. आईच्या अंत्यविधीलाही तिथंच. फादर स्वतः जाऊन म्हणाले, "कॉन, एक कडवं म्हण तिच्यासाठी." यांनी नुसती मान हलवली — नाही. तेवढं मला अजून गिळता आलेलं नाही.

५ मार्च

गायले. पॉलीनं मान वळवून बघितलं — आणि सोडला की पान्हा! पण अर्धाच. तिसरं कडवं मला कुठे येतंय? ऑर्गनवाली नोनी दोनावरच आटोपतं घेते, नाहीतर लोक उठून चहाला चालू लागतात. पॉलीचा हिशेब मात्र चोख. जेवढं गाणं तेवढं दूध.

८ मार्च, रविवार

तिसऱ्या कडव्यासाठी फोन केला. बाबांनी म्हणून दाखवलं. आवाज पातळ झालाय, पण शब्द एक चुकला नाही. मागून वॉर्डातले म्हातारेही सुरू! नर्स ओरडली, "अहो मंडळी, हे हॉस्पिटल आहे की पब?"

मग विचारलंच. "आईच्या वेळी का नाही म्हटलंत?"

मग म्हणाले, "अगं, ते तिचंच होतं. मी धार काढताना म्हणायचो, ती मागच्या पायरीवर बटाटे सोलत ऐकायची. गावासमोर कसं म्हणू? त्या संध्याकाळी म्हटलं ना, गोठ्यात. पूर्ण म्हटलं. विचार पॉलीला!"

आणि मी इतकी वर्षं फुगून बसले होते! फोन ठेवल्यावर खूप रडले. मग कासंड्या धुवायला घेतल्या.

१० मार्च

उद्या ऑपरेशन. बाबांचा निरोप — तिसरं कडवं उरकू नकोस, तिला कळतं.

१४ मार्च, शनिवार

आज बाबांना आईच्या कबरीशेजारी ठेवलं. नोनी ऑर्गन सोडून खाली आली. "गोबनेट, अख्ख्या गावासाठी गातेस, आणि सख्ख्या बापासाठी नाही?" मी मान हलवली — नाही. मागे दाराशी, पुरुषांबरोबर उभी राहिले.

संध्याकाळी धार काढली. तिन्ही कडवी म्हटली, सावकाश. पॉलीनं सगळं दूध दिलं.