‘अपेक्षितच’ हे बटण

कुमासी, मंगळवार

तीर्थरूप मामांच्या सेवेशी भाचा ओबेंग याचा नमस्कार. आपली प्रकृती, आपला गुडघा आणि ती चावरी कोंबडी, तिघांचीही खुशाली कळवावी. (रीत म्हणून विचारत नाही, का विचारतो ते पुढे येईल.) मी बरा आहे. घरच्यासारखे फुफूचे गोळे रोज जेवायला मिळत नाहीत, तरी वजन घटलेलं नाही.

कॉम्प्युटरच्या डब्याकडे टक लावून बसायला माणूस कशाला लागतो, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. आमचं ऑफिस अकरा रुग्णालयांच्या कॉम्प्युटरांवर नजर ठेवतं. यंदा त्यासाठी नवं सॉफ्टवेअर आलं. त्याने तीन महिने यंत्रांच्या सवयी पाहून घेतल्या आणि आता एखादं यंत्र जरा वेगळं वागलं की माझ्यापुढे लाल ठिपका येतो. (आपली आजी विहिरीवर कोण उशिरा आलं ते सांगायची, तसंच.) ठिपक्याखाली दोन बटणं असतात. ‘तपासा’ दाबलं तर फोन, अर्ज, आणि कुणी उचललं नाही तर खच्चून भरलेल्या ट्रोट्रो गाडीत बसून दोन तास धक्के. ‘अपेक्षितच’ दाबलं तर ठिपका जातो, आणि तीच गोष्ट चार वेळा दाबली की सॉफ्टवेअर ती पुन्हा विचारतही नाही. मी कोणतं बटण दाबायला शिकलो हे तुम्ही ओळखलं असेल. तुम्हीच वाढवलंय मला.

सुरुवात प्रामाणिक होती. वीज गेली, अकरा ठिपके आले: अपेक्षितच. हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ यंत्रात गेली: अपेक्षितच. बोमेनसोच्या रुग्णालयातल्या आँटी सेरवा शनिवारी काळं वस्त्र नेसून मयताला जातात आणि जाताना कॉम्प्युटरचा प्लग काढतात: अपेक्षितच. माझा पडदा इतका स्वच्छ दिसू लागला की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला यायचे.

गेल्या महिन्यात एका शनिवारी बोमेनसो गप्प झालं आणि ठिपका आलाच नाही. विजेचा दाब एकदम वाढून यंत्र जळलं होतं. लसींच्या फ्रीजचं तापमान त्याच यंत्रातून आमच्याकडे येतं, आणि फ्रीजही बंद पडला होता. रविवारी सकाळी नर्सने दार उघडून पाहिलं आणि होत्या तेवढ्या लसी शेजारच्या सरबतवाल्या बाईच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवल्या. निम्म्या वाचल्या. आठवडाभर आया पाठीला बाळं बांधून आल्या आणि तशाच परत गेल्या. मी त्यांना पाहिलेलं नाही मामा, पण मला त्या दिसतात.

आमच्या साहेब, मॅडम दुफी, ओरडल्या नाहीत. शनिवारची शांतता अपेक्षित कशी, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मयत असतं.

“कुणाचं?”

मी कॅलेंडर उघडलं.

“ओबेंग, आपल्याकडे कुणाची चुलतसासू गेली तरी चौकाचौकात तिचा फोटो लागतो. नाव सांग.”

नाव नव्हतं. आँटी सेरवा त्या दिवशी प्लग तसाच ठेवून घरी कपडे धूत होत्या. आता बटणाशेजारी ‘कारण’ असा रकाना आला आहे. मयत असेल तर मयताचं नाव लिहायचं. तेव्हापासून अपेक्षित गोष्टी फारच कमी उरल्या आहेत.

दर रविवारी चर्चमधून आल्यावर तुम्ही मला मिस्ड कॉल देता आणि मी उलट फोन करतो. तीन रविवार तो आलेला नाही. मी दोनदा लावला, बंद होता. चार्जिंग संपलं असेल, मामा विसरले असतील, माझ्यावर रुसले असतील, असं म्हणत मी मनातल्या मनात तीनदा तेच बटण दाबलं. काल मनातल्या मनात ‘कारण’चा रकाना भरायला बसलो, तर लिहायला काही सुचेना. मला भीती वाटली.

आपला (बहुतेक वेळा) आज्ञाधारक,
ओबेंग

ता. क. पत्राचं खरं कारण: येत्या रविवारी एक मिस्ड कॉल द्या. बोलायची सक्ती नाही. रागावला असाल तरी द्या.

दुसरा ता. क. हे पत्र ट्रोट्रोवाल्या अग्येमानच्या हाती देणार होतो. तो म्हणाला, “मामा ना? स्टँडवर बरेच दिवस दिसले नाहीत. असतील घरीच.” हे ‘असतील घरीच’ कोणत्या बटणाचं आहे ते मला ठाऊक आहे. म्हणून पत्र घेऊन मीच त्याच्या गाडीत बसलोय. अक्षर हलतंय ते त्यामुळे. रजेच्या अर्जातही कारणाचा रकाना होता. तिथे लिहिलं, माहीत नाही, जाऊन बघतो.