बारा हजार कोटी अँगस्ट्रॉम

अंतर : १,२०,००,००,००,००० अँगस्ट्रॉम

प्रिय शून्या,

वरचा आकडा आधी सोडव आणि मगच पुढे वाच, असं बाबा असते तर म्हणाले असते. मी म्हणत नाही. तू आधी पत्र वाच. आकडा कुठे पळून जात नाही, एवढं मला गेल्या आठवड्यात चांगलंच कळलंय.

शून्या हे नाव तुला बाबांनीच ठेवलं होतं. दिवसभर शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुऊन घरी आले, की ते स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने आपल्याला गणितं घालायचे आणि प्रत्येक गणितात तू एक तरी शून्य खायचास. मी खायचे नाही, पण म्हणून मला कुणी कौतुकाचं नाव ठेवलं नाही. मी नुसती ताईच राहिले. पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचं अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. त्यात अँगस्ट्रॉम किती? चौदाशे शहाण्णवावर अठरा शून्यं. अँगस्ट्रॉम म्हणजे साधारण एका अणूएवढी लांबी, हे सांगताना बाबा चिमूट अशी आवळायचे की आत खरंच काहीतरी असावं असं वाटायचं. मीटरमध्ये असे किती, तर एकावर दहा शून्यं. तू नऊ म्हणायचास. आई भाजी चिरता चिरता म्हणायची, सूर्य मोजून झाला असेल तर कुणीतरी दूध उतरवा.

पुढे तू खरोखरच सूर्याच्या बाजूला गेलास आणि मी अणूच्या. मी भिंगांच्या कारखान्यात लागले. काचेवर अदृश्य म्हणावा असा धातूचा थर चढवायचा आणि तो किती अँगस्ट्रॉम झाला ते बघत बसायचं, हेच माझं काम. तू इथल्या खगोल संस्थेच्या दुर्बिणीवर, समुद्रापलीकडच्या डोंगरावर. तू निघालास त्या दिवशी बाबांनी नियम घातला, आठवतंय ना? पत्राच्या कोपऱ्यात गाव आणि पत्ता सगळेच लिहितात, आपण एकमेकांमधलं अंतर लिहायचं. लिहिणाऱ्याने आपल्या धंद्याच्या एककात लिहायचं आणि वाचणाऱ्याने ते आपल्या एककात करून घ्यायचं. मजकुरात थोडं इकडचं तिकडे झालं तर चालेल, म्हणाले, पण आकडा खोटा लिहायचा नाही. तुझ्या पहिल्या पत्रावर होतं ०.००००६ खगोलीय एकक. आम्ही तिघं फरशीवर बसलो, गुणाकार केला, मग शून्यं काढत काढत किलोमीटरवर आलो. आठ हजार नऊशे शहात्तर. बाबांनी पत्र न वाचताच तुला शाबासकी दिली, कारण शून्यं बरोबर होती. पुढच्याच वर्षी ते गेले.

त्यांच्यामागे आईने तो नियम उचलला, तिच्या पद्धतीने. गणित तिला कधी जमलं नाही. मी पत्र वाचून दाखवलं, की ती विचारायची, "किती आलं गं?" आणि लगेच, "जरा जवळ आलाय का?" सुरुवातीला मी पाकिटाच्या पाठीवर गुणाकार करून सांगायचे. मग कंटाळा केला. डोंगर काय जागचा हलतो? कोपऱ्यात शून्यांची रांग दिसली की मी म्हणायचे, तेवढंच आहे आई. ती म्हणायची, बरं.

आईची फुप्फुसं थकत चालली ते मी तुला लिहीत होते. पलंग खिडकीशी हलवला, जिना बंद झाला, नंतर बोलताना मध्ये थांबावं लागायला लागलं. प्रत्येक वेळी लिहिलं की चार दिवसांसाठी का होईना, येऊन जा. तुझी उत्तरं यायची. बर्फ पडलंय, खाली उतरायचा रस्ता बंद आहे. दुर्बिणीचा आरसा काढलाय, मला सोडत नाहीत. डोंगरावरचा फोन कामापुरताच वापरता येतो. तुझी पत्रं पहिल्यापासून संस्थेच्या थैलीतून इथल्या कार्यालयात येत आणि तिथून टपालात पडत, त्यामुळे शिक्का कायम आपल्याच शहराचा. तो बघायचं काही कारणच नव्हतं. मीही प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात नऊ हजार किलोमीटरला चोवीस कमी, त्याचे अँगस्ट्रॉम मुकाट्याने उतरवत होते. तू ते वाचत होतास आणि एकदाही म्हणाला नाहीस, ताई, आकडा चुकतोय.

आई गेली त्या सकाळी मी संस्थेच्या कार्यालयात जाऊन खिडकीत चिठ्ठी दिली. तिथला कारकून म्हणाला, आजच देतो त्यांना. मी चकित झाले, की इतक्या लांब आजच कसं? मग वाटलं, तार वगैरे करत असतील. तुझं पत्र चौथ्या दिवशी हातात पडलं. एरवी तीन आठवडे लागायचे. मी त्या कारकुनाला मनातल्या मनात दुवा दिला, की बिचाऱ्याने धावपळ केली असेल. इतकी मी नाकासमोर चालणारी.

गेल्या रविवारी आईचं कपाट आवरताना तुझ्या पत्रांचा बिस्किटांचा डबा खाली काढला. वाटलं, तिने इतक्यांदा विचारलं आणि मी टाळलं, आता एकदा सगळी सोडवून टाकू. कागद घेतला आणि जुन्यापासून सुरू केलं. सगळीकडे तेच, ०.००००६. कंटाळून सोडणार होते, तेवढ्यात एका पत्रावर दिसलं ०.०००००००२७. मला वाटलं, शून्या चुकला. पॉइंटानंतर चारच्या जागी सात शून्यं झाली आहेत, पुढे आकडाही भलताच. हसूच आलं मला. आयुष्यभर शून्यं खाल्लीस आणि आता तीन जास्त वाढलीस! मग पुढचं पत्र उघडलं. तेच. त्याच्या पुढचंही तेच. सलग सात पत्रं, अकरा महिन्यांची. मी गुणाकार केला. पुन्हा केला. चार हजार एकोणचाळीस मीटर. मी एवढी मंद, की तेव्हाही मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय.

तुझ्या पेटीतला कंपास अजून आहे, गंजलाय. शहराच्या नकाशावर आपल्या घरावर टोक ठेवलं आणि चार किलोमीटरचं वर्तुळ काढलं. ते नदीवरून गेलं, रेल्वेच्या यार्डातून गेलं आणि संस्थेच्या वसतिगृहाच्या डोक्यावरून गेलं. काल कामावरून सुटून तिथे गेले. फाटकावर रखवालदार होता. मी तुझं वर्णन करायला लागले तर म्हणाला, "ते आरशावाले ना? वर्ष होत आलं की त्यांना इथं. तिसऱ्या मजल्यावर राहतात, मागच्या बाजूला नोंदी करायचं काम करतात." तो किस्सा तिथे सगळ्यांना पाठ आहे; त्याच्याकडूनच कळलं, की आरशावर नवा थर चढवताना तू हजार अँगस्ट्रॉमच्या जागी हजार नॅनोमीटर भरलेस, थर दहापट झाला आणि पापुद्र्यांसारखा सुटला. दीड महिना दुर्बीण आंधळी झाली आणि तुला परत पाठवलं. मग त्याने विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण? मी म्हटलं, ओळखीची आहे. आणि घरी आले.

म्हणजे एवढंच होतं? मूर्खा, तो थर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुऊन निघतो. खालची काच जशीच्या तशी राहते. मी आठवड्यातून दोनदा धुते. आणि तुला हे माहीत होतं! आमच्याकडे नवीन यंत्र आलं, ते नॅनोमीटर दाखवतं, जुन्या वहीत सगळं अँगस्ट्रॉममध्ये, आणि पहिल्याच आठवड्यात मी दहाने भागायचं विसरून चाळीस भिंगं घालवली, हे मी तुला दोन पानं भरून लिहिलं होतं. साहेबांनी मला काय काय ऐकवलं तेही लिहिलं होतं, तुला हसू यावं म्हणून. तारीख बघितली मी. ते पत्र तुला इथेच मिळालं, या वसतिगृहात. हुबेहूब तीच चूक केलेली बहीण चार किलोमीटरवर बसली होती आणि तू तिला बर्फाच्या गोष्टी लिहीत होतास.

चुकलास त्याचा मला राग नाही. लपलास, तेही एखाद वेळेस गिळून टाकलं असतं. पण आई जाण्याच्या दोन दिवस आधी, दुपारी, मी तिला तुझं तोपर्यंतचं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. तिने बोट हलवून विचारलं, किती आलं? मी कोपऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, तेवढंच आई. ती म्हणाली, "मग नको बोलावूस त्याला. एवढ्या लांबून पोराला दगदग." आणि पुन्हा तुझं नाव काढलं नाही. रिक्षाने वीस मिनिटं लागतात रे. मी म्हणाले असते जवळ आहे, तर तिने मला तशीच चपला घालून पिटाळलं असतं. तू खोटं लिहिलंस, आणि ते तिच्या कानात घातलं मी, माझ्या तोंडाने, सात वेळा. तू केसाने गळा कापलास माझा. आणि तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. म्हणशील, ताई, मी आकडा खोटा लिहिला नव्हता, तूच सोडवला नाहीस. हेच मला रात्रंदिवस खातंय, कारण ते खरं आहे. बाबांचा नियम तू पाळलास आणि त्याच्याच आड उभा राहिलास. मी सोडवावं असं तुला वाटत होतं, की सोडवू नये असं? प्रत्येक पत्र पाकिटात घालताना तुझ्या मनात काय होतं, ते मला कुठल्याच गुणाकाराने मिळत नाही.

म्हणून हे पत्र टपालात टाकलेलं नाही. ते मी तुझ्याच वसतिगृहात, भेटायला येणाऱ्यांच्या खोलीत बसून लिहिलंय. इथे एक बाक आहे, पंखा आहे, आणि पाचला भेटीची वेळ संपते अशी पाटी आहे. आज रखवालदाराने पुन्हा विचारलं, कोण? मी बहीण म्हणून सांगितलं. तोच हे वर घेऊन येईल. तुझी खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे उंची नऊ मीटर. इथल्या बाकापासून आडवं आठ, मी पावलांनी मोजलं. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. मी दोनदा पडताळलंय, तरी तू कोपऱ्यातला आकडा नीट सोडवून बघ, शून्य खाऊ नकोस. मी तुला माफ केलेलं नाही आणि करेन असंही सांगत नाही. पण मला उत्तर कागदावर नको. खाली ये आणि तोंडाने बोल. पाच वाजले की मी उठेन, आणि त्यानंतर कुठल्याच पत्राच्या कोपऱ्यात मी काही लिहिणार नाही. आता चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत. आई विचारायची तेच मी विचारते : किती आलं रे?

तुझीच, पाच वाजेपर्यंत तरी,
ताई