दुकानाच्या आयडीवरची सून

१६ जून, सोमवार
पेरण्या चालू. बाजारात माल नाही, आडतीवर नुसता बसून. हरभऱ्याचा भाव बघावा म्हणून फोन काढला. काही लिहायच्या आधीच खाली जुन्या शोधांची यादी आली. पहिली ओळ: 'सासरे दर तासाला चहा मागतात काय करावे'.
आधी वाटलं, जाहिरात. मग हसू आलं, कुणाची सून आहे बिचारी. मग हातातल्या कपाकडं लक्ष गेलं. वरून, घरातून आलेला. सकाळपासून चौथा.

१७ जून
अन्वरच्या मोबाईल दुकानात गेलो. घरातले सगळे फोन त्याच्याकडचेच. यादीचं बोललो नाही. नुसतं विचारलं, एका फोनमधलं दुसऱ्या फोनात दिसतं का.
"सेठ, पूरे घर का एकच आयडी है ना तुमारा. दिखेगाच."
खरं आहे. आमच्याकडं सगळं दुकानाच्या नावावर. गॅस, लाईटचा मीटर, मोटारसायकल. आमच्या पोराच्या, महेशच्या लग्नानंतर पल्लवीचं नाव रेशनकार्डात चढवलं, त्याच आठवड्यात तिच्या नव्या फोनात दुकानाचा ईमेल चढवला. मीच सांगितलं होतं, घर एक तर आयडी एक. सून घरात मिसळली म्हणून बरंही वाटलं होतं.
"अलग कर दूं क्या?" अन्वर म्हणाला.
नंतर बघू, म्हणालो. नंतर का, ते लिहवत नाही.

२१ जून
लिहितो. वाचायचं होतं म्हणून.
फोनात एक पान आहे, त्यात कुणी काय शोधलं ते वेळेसकट ओळीनं लागतं. रोज सकाळी पेपरच्या आधी तेच उघडतो. बहुतेक साधंच असतं. ब्लाऊजचे गळे, आंबट वरण, मुदखेडच्या गाडीची वेळ (तिचं माहेर). पण मधेच एखादी ओळ आमच्यावर. 'घरातले मोठे लोक टीव्ही फार मोठ्याने लावतात'. आवाज कमी केला. चहा दोनावर आणला.
पल्लवी हिला विचारत होती, "मामांची तब्येत बरी हाय ना?" मला ती मामा म्हणते.
ही म्हणाली, "म्हातारपणी शहाणपण आलं म्हण."
दोघी हसल्या. मीही हसलो. परीक्षेचा पेपर आधीच बघून पहिला नंबर काढणाऱ्या पोराला कसं वाटत असेल ते कळलं. तरी उद्या सकाळी बघणारच, हेही माहीत आहे.

२६ जून
आजचं वाचायला नको होतं.
'तीन वर्षे झाली मूल का राहत नाही'. त्याखाली 'सगळे रिपोर्ट नॉर्मल तरी'. त्याखाली 'लोकांना काय उत्तर द्यावे'. वेळ भर दुपारची. म्हणजे आम्ही दोघं पलीकडच्या खोलीत घोरत असताना.
फोन पालथा ठेवला. एखाद्याच्या न्हाणीचं दार चुकून उघडावं तसं झालं. पण चुकून तरी कसं म्हणू.
संध्याकाळी हिनं काढलं, "जळकोटला एक बाई औषध देत्यात म्हणं. सोमवारी पल्लवीला घेऊन जावं म्हणून राहिले."
म्हणालो, कुठं न्यायचं नाही. आणि आल्यागेल्यासमोर पाळण्याचा विषय बंद.
"आवो, तुमाला काय झालं एकाएकी?"
पल्लवी पाठमोरी भाकऱ्या करत होती. हात थांबला होता तिचा. वाढताना माझ्या ताटात तूप जास्त पडलं. जेवण गेलं नाही.

२ जुलै
'नवऱ्याला तपासणीसाठी कसे तयार करावे'.
म्हणजे तिच्या तपासण्या झाल्यात, आमचे चिरंजीव तयार नाहीत. वाटलं, इथं बापानंच बोलायला पाहिजे. महेश औषधकंपनीच्या फिरतीवरून आला तसा गादीवर बसवून घेतला. म्हणालो, "डॉक्टरकडं दोघांनी जायचं असतं. तू बी तपासून घे."
त्याचं तोंड उतरलं. "तिनं सांगितलं तुम्हाला?"
"न्हाई रे, मी आपलं..."
ऐकायला थांबलाच नाही. बॅग घेऊन वर गेला.

३ जुलै
वरून आवाज. महेश म्हणून राहिला, "आपल्या दोघांतलं बापाला सांगत बसतीस?" पल्लवी म्हणत होती, "आईची शपथ, मी कुणाला बोलले न्हाई." परत परत तेच.
ती खरं बोलत होती. हे या घरात दोघांनाच ठाऊक, तिला आणि मला.
जिना चढून सांगायला पाहिजे होतं. जिन्यापर्यंत गेलोही. मग चप्पल घालून बाजारात निघून गेलो, काही काम नसताना. माझ्या वयाच्या माणसानं असं पळावं...

४ जुलै
पल्लवी दुकानात आली. डोळे सुजलेले.
"मामा, तुम्हाला कुणी काही सांगितलं का? ह्यांना वाटून राहिलं, मीच बोलले."
"कुणी कशाला सांगंल? आजकाल सगळेच करून घेत्यात तपासणी. म्हणून म्हणलं."
"तेच मी म्हणलं ह्यांना. मामांना समजतं म्हणलं. पण विश्वासच न्हाई."
माझ्यावर मात्र तिनं विश्वास ठेवला, लगेच. आयुष्यभर मापात पाप केलं नाही म्हणून चारचौघांत मिरवतो. आणि आज पोरीच्या तोंडावर, डोळ्यात बघून खोटं बोललो.

८ जुलै
आता बघत नाही. काल एकदाच बघितलं.
दुकानाचा ईमेल ज्या कंपनीचा, त्याच कंपनीत अन्वरला सांगून तिची वेगळी आयडी काढता येईल. मन घेत नाही. मी एका सुनेचं चार दिवस वाचलं आणि तिचा संसार नासवला, तेही तिचं भलं करायला निघून. ती कंपनी तर घरोघरचं वाचून राहिलीय. वाचायची चटक काय असते ते आता मला आतून कळलंय. निदान पल्लवीचं बरं व्हावं असं मला वाटत तरी होतं.
दुसरं काय मिळतं ते शोधतोय. गिऱ्हाईक नाही, चष्मा लावून व्हिडिओ बघतो.

१२ जुलै
ईमेल देणारी परदेशातली एक वेगळी कंपनी सापडली. जाहिरात नाही, पत्र त्यांना स्वतःलाही उघडता येत नाही म्हणतात. शोधायचं यंत्र वेगळं, काय विचारलं ते ठेवतच नाही. निरोपाचं ॲप वेगळं. नकाशासुद्धा निराळा, लोकांनीच भरलेला. त्यात लातूर आहे, गंजगोलाई आहे, आमची गल्ली नाही. मीच बोट लावून दुकान भरलं. बोट जाड, आमची आडत शेजारच्या पिठाच्या गिरणीत जाऊन पडली. लातूर हरभरा विचारलं की नवं यंत्र उसळ कशी करायची ते सांगतं. चालेल. भाव काय, शेजारच्या आडतीवर ओरडून विचारता येतो.
या कामात मन रमतं, हेही लबाडीचंच. प्रायश्चित्त चाललंय असं वाटतं आणि सांगायचं राहून जातं.

१८ जुलै
जेवताना जाहीर केलं. प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड ज्याचा त्याला, कुणी कुणाला विचारायचा नाही.
ही म्हणाली, "मला काय लपवायचंय? माझं राहू द्या दुकानातच."
महेशनं ताटातून मान वर केली नाही. "करा काय करायचं ते."
पल्लवी म्हणाली, "मामा, तुम्ही लई विचार करता आमचा. माझ्या मैत्रिणीचा सासरा तर फोन घेऊन तपासतो तिचा. तिला सांगणार हाय मी, आमच्या मामांकडं बघ म्हणून."
ठसका लागला म्हणालो, उठलो. मोरीवर तोंड धुताना आरशात बघवलं नाही.

१९ जुलै
तिला नवं खातं काढून दिलं. ती पासवर्ड टाकताना मी तोंड भिंतीकडं करून बसलो.
मग दुकानाच्या आयडीवरचं जुनं सगळं पुसलं. फोननं विचारलं, कायमचं काढायचं का? हो म्हणालो. तिचं झाकायला पुसलं की माझं, हे मला सांगता येणार नाही.

२७ जुलै, रविवार
पंचमीला पल्लवी माहेरी गेली. दरवर्षी महेश मुदखेडपर्यंत सोडतो. यंदा त्याला फिरतीचं कारण. मुदखेडच्या गाडीत मीच बसवून दिलं. दरवर्षी परतीची तारीख ठरवून जाते. या वेळी विचारलं, कधी येशील? "बघू," म्हणाली. खिडकीतून हात हलवला, मलाच. तो काही लक्षातून जाईना.

१ ऑगस्ट
गल्लीतल्या सुना माहेराहून परत आल्या. आमची नाही.
फोन उघडून बसलो. दुकानाच्या आयडीवर आता मी आणि ही, दोघंच. तूर, सोयाबीन, गुडघेदुखी. ती रडते का, परतीची गाडी बघितली का, का वकील शोधून राहिली, काही कळायला मार्ग नाही. हेच तर करायचं होतं. तरी हात तिकडंच जातो. आता कळायचं तर फोन लावून विचारावं लागणार, पोरी, कशी आहेस. तेवढं विचारायला तोंड राहिलं नाही.

४ ऑगस्ट
महेशला म्हणालो, जा, घेऊन ये तिला.
"आधी कबूल करू द्या तिला."
"काय?"
"तिनंच सांगितलं म्हणून. नसता तुम्हाला स्वप्न पडलं का?"
उत्तरासाठी माझ्याकडं बघत राहिला. सरळ प्रश्न होता. मी सोयाबीनच्या भावाचं काढलं.
पोरगा बायकोला खोटारडी समजून राहिलाय आणि बाप भाव सांगतो. थू.

८ ऑगस्ट
दुपारी पल्लवी एकटीच आली. वर न जाता सरळ दुकानात, गादीपाशी. बॅग खाली ठेवली, पर्समधून घडी घातलेला कागद काढला. नव्या मेलवाल्यांनी दिलेले इंग्रजी शब्द. पासवर्ड विसरला तर ते लागतात. त्यांच्यावाचून खातं कुणालाच उघडत नाही, आणि ते ज्याच्याजवळ असतील त्याला सगळं उघडतं.
"भरवशाच्या माणसाजवळ ठेवा म्हणून सांगितलंय त्यांनी. आईजवळ ठेवणार होते. मग म्हणलं, तुमच्याजवळच बरं. ह्या घरात माझं खरं मानलं ते तुम्हीच."
मी हात पुढं केला नाही.
"घ्या ना मामा."
"माझ्याजवळ नको."
"का?"
म्हणालो, "महेश उदगीरहून निघालाय. येऊ दे त्याला. का नको, ते दोघांसमोर सांगतो. तू त्याला बोलली नव्हतीस, ते बी सांगतो."
माझ्याकडं बघत राहिली, मग गादीवरच्या माझ्या फोनकडं, मग परत माझ्याकडं. कागद पर्समध्ये ठेवला, पर्सची चेन लावली. बॅग मी उचलायला गेलो तर म्हणाली, राहू द्या.
वर गेली. मी इथंच बसून हे लिहून राहिलो. बाहेर महेशची गाडी थांबली आत्ता.