भिंगरीचे दहा शब्द

४ तारीख, सोमवार. सकाळ.

झोपले नाही. भिंगरी झोपेत आ म्हणाली. म्हटलं आई म्हणतेय, आता ई येईल. उजाडेपर्यंत उशाशी बसून राहिले. ई आली नाही, शिंक आली. तरी अर्धा शब्द झालाच. अर्धा धरते.

बोलायला शिकवतात त्या केंद्रातल्या मॅडमनी सांगितलंय, पोर काय बोलते ते रोज लिहा. ही वही कच्ची, माझ्यापुरती. पक्की नंतर उतरवून देईन. सातवीपर्यंतच शिकले, पण अक्षर बरं आहे.

भिंगरी तीनची होईल. जन्मली तेव्हाच डॉक्टर म्हणाले, डाउन सिंड्रोम आहे, उशिरा शिकेल. उशिरा म्हणाले. शिकणार नाही असं कुठे म्हणाले?

ठरलं. तीस तारखेपर्यंत दहा शब्द. तोंडाने.

५ तारीख, मंगळवार.

आज बा म्हणाली. बादलीकडे बघून. मग बाहुलीकडे पण बघितलं. दोन शब्द धरले. एकूण अडीच. असंच चाललं तर वीस तारखेलाच दहा होतील, मग पुढचे दहा दिवस काय करायचं हा प्रश्न आहे.

७ तारीख, गुरुवार. लाँड्रीत, जेवणाच्या सुट्टीत.

मला रजा मिळत नाही. हॉटेलांच्या चादरी येतात, दिवसभर घड्या. म्हणून भिंगरीला केंद्रात दादा नेतो. दादा माझा मोठा भाऊ. पहाटे पावाची गाडी चालवतो, अकराला मोकळा होतो, आमच्याकडेच राहतो. लग्न केलं नाही. म्हणतो, भांडायला तू आहेस की.

मॅडम म्हणतात, शब्द बोलताना हाताने खूण पण करा, खुणेचं बोट धरून शब्द येतो. दादा सगळ्या खुणा शिकून आलाय. पाणी, अजून, संपलं. मी सांगून टाकलं, घरात हातवारे चालणार नाहीत. हाताने काम व्हायला लागलं तर तोंड कशाला कष्ट घेईल? माझ्या वाटच्या चादरी दुसरीने घडी केल्या तर मी हात लावीन का? दादा म्हणाला, तू घरातल्या तरी कुठे लावतेस.

नेहमी विषय बदलतो.

१० तारीख, रविवार.

हिच्या बाबांचा जहाजावरून फोन. विचारलं, बोलते का? म्हटलं, थांबतच नाही. म्हणाले, दे की मग. म्हटलं, आत्ताच झोपली. भिंगरी समोर बसून माझी चप्पल चाटत होती.

चित्रांचा तक्ता आणला. तिने विमानाचा कोपरा खाल्ला. विमानाची आवड दिसते. धरायला हरकत नाही. साडेतीन.

१२ तारीख, मंगळवार.

बसमध्ये भिंगरी हाताने काहीतरी करत होती. समोरची बाई आधी हाताकडे बघत होती, मग तोंडाकडे, मग माझ्याकडे. मी पोरीचे हात माझ्या हातात घेऊन बसले. थंडी आहे, म्हटलं. थंडी नव्हती.

मला भीती वाटते. मी नसले तर हिचं कोण ऐकेल? तोंडाने बोलली तर कुणालाही कळेल, दुकानदाराला, पोलिसाला. हात कोण वाचत बसणार? दादाला हे बोलले नाही. तो रडेल. म्हणजे मीच रडेन.

१४ तारीख, गुरुवार.

नवीन उपाय. पेला वर धरायचा, पाणी म्हणाली की द्यायचा. कडक राहायचं.

अर्धा तास कडक राहिले. ती सारखा अंगठा ओठांशी नेत होती. मग मी एका हाताने तिचे दोन्ही हात खाली धरले. पा ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात दादा आला. पेला हिसकावला आणि तिला पाजला. घटाघटा प्यायली, नाकात गेलं.

म्हणाला, अगं बये, ती कधीची मागतेय. ऐकत तू नाहीस.

मी म्हटलं, माझी पोर मुकी नाही, तू तिला मुकी करतोयस. एवढी हौस होती तर लग्न करून स्वतःची काढायची होतीस.

हे बोलायचं नव्हतं. गेलं तोंडातून.

त्याची बॅग दाराबाहेर ठेवली. म्हटलं, फोनसुद्धा करू नकोस, आणि माझा उचलू नकोस. बरं म्हणाला. चपला उलट्या पायांत घालून जिना उतरला. मी सांगितलं नाही.

पा अर्धा. एकूण चार.

१६ तारीख, शनिवार.

भिंगरीला शेजारच्या काकूंकडे ठेवून जाते. काकू म्हणाल्या, काही त्रास नाही हो, दाराकडे तोंड करून बसते, हात मांडीवर ठेवून.

म्हणजे हातवारे बंद झाले. माझंच खरं ठरलं. आता तोंड सुरू होईल.

दादाला फोन केला, सहज, त्याचा स्वेटर राहिलाय म्हणून. उचलला नाही. चार वेळा केला.

१७ तारीख, रविवार.

भिंगरीचं अंग गरम आहे. दात येत असतील. आले की बोलणं पण येतं, असं ऐकलंय.

१९ तारीख, मंगळवार. हॉस्पिटल, दुपारी तीन.

छातीत कफ भरलाय. हाताला सुई. सकाळपासून एकच करतेय. मूठ गालाला लावते, मग आपलाच खांदा थोपटते. दोनदा. माझ्याकडे बघते. परत करते. डॉक्टर म्हणाले, काय म्हणतेय? मी म्हटलं, काही नाही, खेळतेय. सिस्टर म्हणाल्या, अहो, खेळणारं पोर असं रडतं का?

मॅडमना व्हिडिओवर दाखवलं. म्हणाल्या, ही आमची खूण नाही. ही तिने आणि तिच्या मामाने घरी मिळून केलेली दिसते, त्यांनाच विचारा. मग म्हणाल्या, मामा दर वेळी लिहून आणायचे, सत्तावीस खुणा झाल्या होत्या तिच्या.

सत्तावीस. मी चार धरले होते. त्यातलं एक विमान.

सगळं विचारून झालं. दुखतं का? भूक? बाबा? पाणी दिलं, बाहुली दिली. मूठ गालाला, खांद्यावर दोनदा. मी पण तसंच करून दाखवलं. ती रडायची थांबली, माझ्या हातांकडे बघत राहिली. मी पुढे काही करीन म्हणून. मला पुढचं येत नाही.

दादा माझा नंबर बघून उचलत नाही. सिस्टरना सांगायला दोनदा गेले. तोंडातून शब्द फुटत नाही. त्यांना वाटलं मला चक्कर येतेय, स्टूल दिलं. म्हणून इथे लिहून वही कॉटवर पायाशी उघडी ठेवते.

हे जो कोणी वाचेल त्याने माझ्या भावाला फोन करा. नंबर खाली मोठ्या आकड्यांत लिहिलाय. तुमच्या फोनवरून करा. माझं नाव आधी घेऊ नका, भिंगरी म्हणा. सांगा, मूठ गालाला, मग खांदा दोनदा. त्याचा अर्थ काय, आणि उत्तर हाताने कसं द्यायचं, एवढं विचारून घ्या. नाही उचलला तर परत करा. उचलेपर्यंत करा.