काठवटीतलं गोडं पाणी

प्रिय वहिनी,

काल तुझं तेरावं झालं. माणसं खूप आली. धरणाच्या वसाहतीतली, उरवड्याची, माझ्या सासरची चांद्याची. जेवताना बायका एकमेकींना सांगत होत्या, "लई गरीब सभावाची बाई हुती. कुनाला उलट म्हणून बोलली न्हाई." मी वाढत होते. वाढता हात तसाच थांबला. गरीब स्वभावाची? तू? पंगतीत बोलता आलं नाही, दादा समोर बसला होता. पण राहवतही नाही. म्हणून आज तुलाच लिहायला बसलेय.

तू लग्न होऊन मुळशीला आलीस तेव्हा मी सातवी पास होऊन घरी बसले होते. दादा धरणावर फिटर. तुझं माहेर अलिबागेकडचं, अंगणातून समुद्र दिसणारं. इथं धरणाचं पाणी डोळ्यांत मावत नाही एवढं, पण तू आठवड्याभरातच नाक उडवून म्हणालीस, "ह्या पाण्याला वासच नाही!"

दादानं ते मनावर घेतलं. माशांच्या पेटीसाठी लोखंडी चौकट केली, जाड काचा बसवल्या, सांधे डांबरानं भरले. क्वार्टरात वीज होतीच. लहान मोटर लावून पाण्यात हवा सोडायचा पंप बनवला. तुझा भाऊ गलबतातून समुद्राचं पाणी लाकडी पिंपात भरून मुंबईच्या धक्क्यावर आणायचा, आणि धरणाचं सामान आणणारा ट्रक ते इथवर पोचवायचा. मग दगडाला चिकटलेली, फुलासारखी उघडमीट करणारी समुद्रफुलं आली, शंखातले खेकडे आले, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले बोटाएवढे मासे आले. आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "मासं तळायचं सोडून ही बघत काय बसलीया?" आणि दुसऱ्या दिवसापासून आईच पेटीपुढे पाट टाकून तांदूळ निवडायला लागली! आठवतं?

पुढच्या वर्षी दादा शिडीवरून पडला. कमरेपासून खाली प्लास्टर. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण उठायची उमेद त्यानंच धरायला हवी. ती त्यानं सोडून दिली होती. बोलणं बंद, जेवण दोन घास. तू त्याची खाट पेटीसमोर ओढलीस. दिवसभर तो तेवढंच बघायचा.

आणि नेमकं तेव्हाच माशांना ते झालं. परांवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. मासे दगडाला अंग घासायचे, कोपऱ्यात तोंड घालून धापा टाकायचे. एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसला. कितीतरी दिवसांनी दादा बोलला, आणि बोलला काय? "हे असंच हाय. एकेक करून जायाचं."

 तो माशांबद्दल बोलत नव्हता, हे मला कळलं. तुलाही कळलं. मेलेला मासा ओंजळीत घेऊन तू म्हणालीस, "कोण जातंय ते मी बघते."

शेजारच्या ओव्हरसियरसाहेबांनी मोरचूद सुचवली. माशांच्या अंगावरचे किडे त्यानं मरतात, असं त्यांनी वाचलं होतं आणि ते खरंही होतं. पण तू आधी एका वाडग्यात समुद्रफुलाचा छोटा दगड ठेवून चिमूटभर मोरचूद घातलीस. संध्याकाळपर्यंत फूल मिटलं, ते परत उघडलंच नाही. "पेटीत हे घालायचं नाही," तू म्हणालीस. साहेबांनीही मान डोलावली.

मग तुला तुझ्या वडिलांचं बोलणं आठवलं. अंगाला किडे लागले की समुद्रातले काही मासे खाडीत वर येतात, गोड्या पाण्याकडं, आणि किडे गळून पडतात.

"अगं पण मासाबी मरंल की!" आई म्हणाली.

"मासा थोडा वेळ दम धरतो, आत्या. किड्याला तेवढा धरवत नाही."

भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट तू घासून घेतलीस. आडाचं पाणी पेटीच्या पाण्याइतकंच कोमट केलंस, पंपाची नळी त्यात सोडलीस. पहिला मासा आत सोडला मात्र, तो धाडकन आडवा पडला. हालचाल नाही. आई ओरडली, "मेला गं!" दादा खाटेवरून किंचाळला, "काढ त्याला! काढ म्हनतो न्हवं!"

"थांबा."

एवढंच बोललीस. हात पाण्यात, नजर माशाच्या कल्ल्यांवर. कल्ले हलत होते, ते फक्त तुलाच दिसत होतं. तुझ्या कपाळावरचा घाम काठवटीत टपकेल म्हणून मी पदरानं पुसला. मग तू त्याला अलगद उचलून खाऱ्या पाण्याच्या बरणीत सोडलंस. तो तळाशी गेला, डगमगला, आणि सरळ झाला! मी टाळ्या पिटल्या. आई पेटीला हात जोडून उभी राहिली, देव्हारा सोडून! तू मात्र पुढचा मासा धरायला वळली होतीस.

ठिपके गेले म्हणजे काम झालं असं आम्हाला वाटलं. पण तू रोज बघून हेरलं होतंस की ठिपके गळतात आणि चार दिवसांनी दुपटीनं येतात. "ह्या किड्यांची पिल्लं पेटीच्या वाळूत असणार. मासा मिळाला नाही तर उपाशी मरतील." म्हणून मासे लोणच्याच्या मोठ्या बरण्यांत आणि पेटीत महिनाभराहून जास्त एकही मासा नाही. बरण्यांचं पाणी बदलत राहायचं, ठिपके दिसले की पुन्हा काठवट.

पण बरण्यांना हवा लागणार. पंपाची नळी एकच. तू पंप उचललास आणि सरळ दादाच्या पोटावर ठेवलास.

"ह्याला आणखी नळ्या काढून द्या. मला जमत नाही."

"मला तरी कुटं जमतंय आता?"

"हात मोडलेत का तुमचे?"

 आईनं डोळे मिटून घेतले. तू तशीच उभी, कमरेवर हात. दादाचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता पंप भिरकावतोय.

"शके," तो म्हणाला, "माझी पक्कड दे."

पडल्यापासून त्यानं स्वतःहून मागितलेली ती पहिली वस्तू. पक्कड द्यायला मी धावले आणि परसात जाऊन रडून घेतलं. तू? तू बरण्या पुसत होतीस.

दोन मासे दगावले. बाकीचे वाचले, परत पेटीत गेले, आणि त्या दिवशी दादा लोडाला टेकून बसला होता. उन्हाळ्यात तो काठी टेकत फिरू लागला. लंगडला, पण पुन्हा कामावर गेला. गावात सगळे म्हणाले, डॉक्टरचा हातगुण. म्हणू देत! मी तुझ्या शेजारी उभी होते. मला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र तुला बोलल्याशिवाय राहणार नाही. माशाच्या परावरचा ठिपका तुला दिसायचा, मग स्वतःच्या अंगातला ताप कसा दिसला नाही गं? महिनाभर अंगावर काढलास. आम्ही कुणी परके होतो का?

असो. रागावायला बसले नव्हते. माझ्या लेकी मोठ्या होतायत, आणि माझी वहिनी कोण होती हे सांगताना माझी मान ताठ होते.

दादा म्हणतो, चांद्याला यायचं नाही, इथंच एकटा राहीन. मी त्याला विचारणार नाही. परवा बैलगाडी आणणार, त्याची वळकटी बांधणार आणि म्हणणार, "आमच्या मळ्यातलं इंजिन बंद पडलंय, ह्यांना जमत नाही." नाही म्हणाला, तर मीही कमरेवर हात ठेवून उभी राहीन. हा माझा शब्द.

तुझी नणंद,
शकू